निव्वळ वजन चौसष्ट किलो

माणसाने एकदा मनाशी निश्चय केला, की पर्वतालाही वाट द्यावी लागते.

असं निदान त्या व्यायामशाळेच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं. रंगाऱ्याचा जागेचा अंदाज चुकल्यामुळे शेवटचं 'लागते' विजेच्या मीटरच्या पेटीवर गेलं होतं. पेटीचं झाकण उघडं राहिलं की तेवढा शब्द भिंतीकडे तोंड फिरवून बसे आणि पर्वताला नुसती विनंती उरे: वाट द्यावी.

त्या विनंतीच्या बरोबर खाली, सकाळी साडेसात वाजता, काटेसाहेब उताणे पडले होते. त्यांच्या दोन बाजूंना दोन प्लेटा होत्या आणि छातीवर काहीही नव्हतं. पडण्यासाठी त्यांना वजनाची गरज लागली नव्हती. ते बारपर्यंत चालत गेले होते, वाकले होते, आणि वाकल्यावर जमीन जवळ दिसली म्हणून तिथेच थांबले होते.

'काटेसाहेब' हे नाव त्यांना बाजाराने दिलेलं. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्याची सरकारी नोकरी केली होती. पिशवीत खरी वजनं, खिशात शिक्का, आणि जिभेवर एकच नियम: ज्याचा काटा तपासायचा, त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. भर उन्हात घशाला कोरड पडली तरी ते दुकानाची पायरी उतरून रस्त्यावर येत, स्वतःच्या बाटलीतून घोटभर पाणी पीत आणि परत आत जात. दुकानदार त्यांना घाबरत, काही मनातल्या मनात शिव्या देत, पण त्यांच्या मापावर कुणी बोट ठेवू शकला नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी केळ्यांचा घड हातात घेतला की त्यांचा हात आपोआप खालीवर होई आणि तोंडातून ग्रॅमपर्यंतचा आकडा निघे.

अशा माणसाच्या घरात सदतीस वर्षं राहून त्यांच्या पत्नीने स्वतःचं वजन त्यांना एकदाही कळू दिलं नव्हतं. साहेबांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सहज विचारलं होतं. त्यावर काकू म्हणाल्या होत्या, की ऑफिस ऑफिसच्या जागी. तो विषय तिथेच मिटला.

तो उघडला इस्पितळात. काकू कपाटावरची पेटी काढायला स्टुलावर चढल्या, आणि पेटी राहिली वर, काकू आल्या खाली. मणक्याजवळची नस दबली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, जीभ तर पहिल्याच दिवशी पूर्ववत झाली, पण पायांतलं त्राण गेलं. वर्षभराने कदाचित येईल, असं डॉक्टर म्हणाले. 'कदाचित' म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर लिहिलं होतं: वजन, चौसष्ट किलो. काकूंनी त्यावर टॉवेल टाकायला लावला, पण साहेबांनी आकडा वाचला होता. आणि त्या आकड्यानेच त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

कारण वॉर्डातल्या फिजिओबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. बाई वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, बोलणंही तसंच. दिवसा कामाला बाई मिळेल. पण रात्री घरात साहेब एकटेच. काकूंना रात्रीतून दोनतीनदा उठवावं लागणार. म्हणून पलंगावरून खुर्चीत ही एक फेरी, खुर्चीतून पलंगावर ही दुसरी, अशा पाच फेऱ्या साहेबांनी न थांबता, न धडपडता करून दाखवायच्या. तरच काकू घरी. नाहीतर शुश्रूषागृह. मुदत सहा आठवडे. त्यानंतर वॉर्डातली खाट दुसऱ्याला.

दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने शुश्रूषागृह बघूनही ठेवलं होतं. घरापासून तीन तासांवर. भेटायला रविवारी दुपारी येता येई. मुलगा वाईट नव्हता, फक्त व्यवहारी होता. फोनवर तो पुन्हापुन्हा सांगायचा की तिथे बाग आहे. साहेबांना कळत नव्हतं, की जिला उठता येत नाही तिला बागेचं एवढं काय. पण बापाने मुलाशी वाद घालायचा तर हातात काहीतरी लागतं, आणि साहेबांच्या हातात तेव्हा जोरच नव्हता. पहिल्याच प्रयत्नात त्यांनी काकूंना अर्धवट उचललं आणि दोघंही पलंगावर कोसळली. काकू हसल्या. साहेबांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कंबर कसून व्यायामशाळेत दाखल झाले. ती चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे ताई म्हणत. एकेकाळी त्यांनी वजन उचलण्याच्या स्पर्धा गाजवल्या होत्या. आता पन्नाशीला टेकल्या होत्या आणि बहुतेक वेळ एका मोडक्या स्टुलावर बसून लोकांच्या पाठी सरळ करत. त्यांनी साहेबांची हकिगत पूर्ण ऐकली. सहा आठवड्यांत काय होतं, काय होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "होईल. पण मी सांगेन तसं."

साहेबांनी मान डोलावली आणि आल्याआल्या तिथल्या प्लेटा हातात घेऊन वजन करून पाहिल्या. विसाची प्लेट चारशे ग्रॅमने कमी होती. ते त्यांनी खिशातल्या वहीत टिपून ठेवलं.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग मात्र उलटी गंगा वाहू लागली. इतर माणसं व्यायामाने चढत जातात; साहेब रोज थोडे उतरत होते. सोमवारी चाळीस किलो उचललं तर गुरुवारी पस्तीससुद्धा उठत नसे. दुसऱ्या फेरीलाच दम लागे, तिसरीला डोळ्यांपुढे काजवे चमकत, आणि चौथी ते भिंतीला टेकून मनातल्या मनात मारत. जिना चढताना दोनदा बसावं लागे. घरी गेल्यावर बूट काढणं जिवावर येई, म्हणून ते बुटांसकट खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहत.

ताईंनी एकेक कारण चाचपून बघितलं. झोप होते का? होते, साहेब म्हणाले. पहाटे तीनला जाग येते हे त्यांनी सांगितलं नाही. पाणी पिता का? पितो. सकाळी काही खाऊन येता का? यावर साहेबांनी घड्याळ बघितलं आणि इस्पितळाची वेळ झाली म्हणाले. ताईंनी वजन कमी केलं, फेऱ्या कमी केल्या, आठवड्यातून दोन दिवस सक्तीची सुट्टी सांगितली. सुट्टीच्या दिवशी साहेब घरी गव्हाची पिंपं उचलत. ताई रोज एक केळं पुढे करत आणि साहेब रोज हात जोडत. ज्या जागेतली विसाची प्लेट चारशे ग्रॅम कमी, तिथलं केळं खायचं? चौतीस वर्षांचा नियम होता तो. निवृत्ती नोकरीतून मिळते, नियमातून नाही.

बाजूला व्यायाम करणारा एक बँकेतला कारकून, ज्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणत कारण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत असे, त्याने निदान केलं की साहेबांचा प्रश्न मानसिक आहे. त्याने भिंतीवरचं वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. झाकण नेमकं उघडं होतं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी, दुपारी, साहेब वॉर्डात पोचले तेव्हा काकूंच्या ताटात अर्धा भात तसाच होता. काल होता, परवाही होता. साहेबांनी ताट उचललं, हात खालीवर केला. "दोनशे दहा ग्रॅम," ते म्हणाले. "रोज एवढं टाकतेस?"

काकूंनी चष्मा काढून चादरीवर ठेवला. त्यांना एखादी गोष्ट बघायची नसली की त्या आधी चष्मा काढत. मग तो कुठे ठेवला हे घरभर शोधणं साहेबांकडे असे.

"भूक नसते," त्या म्हणाल्या.

"खरं सांग."

"थोडी कमी झाले, तर तुम्हाला सोपं पडेल ना."

साहेबांनी ताट परत काकूंपुढे ठेवलं. मग त्यांनी चमचा तिच्या हातात दिला. बाजारात खोटं वजन पकडल्यावर त्यांचा जो आवाज लागायचा, तोच लागला, फक्त खूप हळू. "आयुष्यभर मी मापात मारणारे पकडले. आता घरात पकडायला लावू नकोस. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. मला पूर्ण माल पाहिजे."

काकू जेवल्या. जेवताना त्यांनी चष्मा शोधायला लावला, घातला आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरत होती.

"तुम्ही वाळून चिपाड झालात," त्या म्हणाल्या. "मी जाते तिथे. बाग आहे म्हणे."

बागेचा विषय काकूंच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. मुलाने म्हटलं तेव्हा साहेबांना राग यायचा. आता राग आला नाही. ज्या बाईने दोन कामवाल्यांना चादरीची घडी कशी घालतात हे शिकवूनशिकवून पळवून लावलं, ती हार मानत होती, तीही सौम्य आवाजात. साहेबांना वाटलं, ती रागावली असती तर बरं झालं असतं. ते उठले आणि इस्पितळातून थेट व्यायामशाळेत गेले. त्या दिवशी सकाळी ते एकदा जाऊन आलेच होते.

दुपारची वेळ, आत ताईंशिवाय कुणी नव्हतं. साहेबांनी बारवर साठ किलो चढवले. ताई म्हणाल्या, नको. साहेबांनी ऐकलं नाही. बार जमिनीपासून वीतभर वर आला, तिथे क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि मग बार एकीकडे आणि साहेब दुसरीकडे पडले. एक प्लेट सुटून गडगडत दारापर्यंत गेली.

शुद्धीवर आले तेव्हा डोक्याखाली ताईंचा टॉवेल होता आणि खिशातली वही ताईंच्या हातात. पडताना ती उघडी पडली होती. आत दोन रकाने आखलेले होते. एकावर 'माल', दुसऱ्यावर 'डबा'. मालाखाली रोज चौसष्ट. डब्याखाली एकाहत्तर, सत्तर, अडुसष्ट, असं उतरत उतरत काल त्रेसष्ट.

"हा माल कोण?" ताईंनी विचारलं.

"सौभाग्यवती."

"आणि डबा?"

"मी."

मग पडल्यापडल्याच साहेबांनी हिशेब समजावून सांगितला, आणि तो त्यांना आतापर्यंत लख्ख बिनचूक वाटत होता. तेलाचं वजन करताना डब्याचं वजन वजा करतात. डबा जितका हलका, तितका एकूण भार कमी. काकूंना उचलून उभं राहताना आपल्याला स्वतःलाही उचलावं लागतंच. मग आपलं दहा किलो घटवलं, तर ते दहा किलो उचलायचे वाचले. ती ताकद तिच्यासाठी शिल्लक. म्हणून ते महिनाभर सकाळी चहावर, दुपारी ताकावर आणि संध्याकाळी निश्चयावर राहिले होते.

ताईंना हसू आवरत नव्हतं आणि रडूही आवरत नव्हतं, म्हणून त्यांनी आधी दारापाशी जाऊन प्लेट आणली. ती जागेवर ठेवली. मग परत येऊन साहेबांशेजारी जमिनीवर बसल्या.

"साहेब, जुना तराजू, तो टांगायचा असतो ना, कशाला टांगतात?"

"हुकाला."

"एका पारड्यात माल. दुसऱ्यात वजनं. सगळा भार कुणावर?"

साहेबांचं बोट आपोआप वर, हुकाच्या जागेकडे गेलं.

"तुम्ही डबा नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही हूक आहात. आणि महिनाभर तुम्ही हूक कानशीने घासताय."

छताला एक पंखा फिरत होता. साहेब त्याच्याकडे बघत पडून राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो काटे तपासले होते. पारडी पाहिली, दांडी पाहिली, वजनांच्या बुडाशी चिकटवलेलं मेण पाहिलं. हूक गंजून पातळ झाला म्हणून कुणाला दंड केल्याचं त्यांना आठवेना. हुकाकडे कुणी बघतच नाही. तो तुटला की मात्र सगळे बघतात.

"किती दिवस राहिले?" ताईंनी विचारलं.

"तेरा."

ताईंनी केळं पुढे केलं. साहेबांचे हात सवयीने जोडले गेले. मग त्यांनी ते सोडवले, केळं घेतलं, भिंतीला धरून उभे राहिले, हळूहळू दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडून बाहेरच्या पायरीवर बसले आणि तिथे खाल्लं. साल कचऱ्याच्या डब्यात टाकून आत आले. "जागेच्या बाहेर खाल्लं तर नियमात बसतं," त्यांनी खुलासा केला. ताईंनी दुसरं दिलं. साहेब परत बाहेर गेले. त्या दिवशी त्यांच्या चार खेपा झाल्या, आणि ताई म्हणाल्या की आजचा व्यायाम एवढाच.

तेरा दिवसांत कुणी पैलवान होत नाही, आणि साहेबही झाले नाहीत. पहिले तीन दिवस ताईंनी त्यांना बारला हातसुद्धा लावू दिला नाही. खायचं आणि झोपायचं. हे तीन दिवस साहेबांना सर्वांत जड गेले. भीती पोटात बसलेली, आणि त्याच पोटात अंडी, दूध, भात ढकलायचा. काकूंच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसल्याबसल्या त्यांना झोप लागे आणि काकू शेजारच्या खाटेवरच्या बाईंना दबक्या आवाजात सांगत, की बोलू नका, हे व्यायाम करताहेत. चौथ्या दिवशी चाळीस किलो उठले. आठव्या दिवशी पन्नास. अकराव्या दिवशी साठ उठले, पण तीनदाच. चौथ्यांदा बार जमिनीला चिकटून बसला. पाचदा उठायला हवे होते. ताई म्हणाल्या, आता जे आहे ते आहे, उद्या-परवा विश्रांती. साहेबांनी पिंपांना हात लावला नाही. लावावासा वाटला, म्हणून पिंपांच्या खोलीला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्यांकडे दिली.

तपासणीच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, वॉर्डात सगळी तयारी दोन्ही बाजूंनी होती. मुलगा गाडी घेऊन आला होता. शुश्रूषागृहाचा भरलेला फॉर्म त्याच्या खिशातून डोकावत होता. काकूंची पिशवी भरून पायथ्याशी ठेवली होती. ती कुठल्या गाडीत जाणार हे पिशवीला माहीत नव्हतं. मुलाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाबा, नाही जमलं तरी काही नाही हं." साहेबांना कळलं, त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

साहेबांनी दोन केळी आणली होती. एक खाल्लं, एक फिजिओबाईंपुढे धरलं. त्या म्हणाल्या, "तपासणीच्या वेळी मी काही घेत नाही."

साहेबांनी केळं खिशात ठेवलं आणि त्या मुलीकडे आदराने बघितलं. आज तपासणारी ती होती, आणि काटा ते होते.

फिजिओबाईंनी काकूंना चष्मा काढायला सांगितला; उचलताना साहेबांच्या तोंडाला लागेल. काकूंनी काढला आणि सवयीने हाताला लागेल तिथे ठेवून दिला. साहेबांनी एक पाय पुढे घेतला, गुडघे वाकवले, काकूंचे हात स्वतःच्या खांद्यांवर घेतले, पाठ सरळ. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. मुलगा खिडकीकडे सरकला. तिसऱ्या फेरीला साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळून काकूंच्या गालावर पडला. त्या काही बोलल्या नाहीत, हेच भीतिदायक होतं. चौथ्या फेरीत पलंगावर ठेवताना साहेबांचा डावा गुडघा थरथरला आणि फिजिओबाईंची पेन्सिल कागदावर टेकली. साहेबांना पेन्सिलचा आवाज ऐकू आला.

पाचवी. साहेबांनी श्वास घेतला आणि तो अर्ध्यातच संपला. मांड्यांमध्ये काही उरलं नव्हतं. तीन तासांवरची ती खोली, रविवारची दुपार, बागेतलं बाक, सगळं त्यांना एकदम दिसलं. काकूंनी त्यांच्या कानाशी तोंड आणलं.

"मी रात्री पूर्ण जेवलेय," त्या कुजबुजल्या. "मापात मारलं नाही."

"माहितीये," साहेब म्हणाले. "चौसष्ट सहाशे."

आणि ते उठले. कसे उठले हे त्यांनाही कधी सांगता आलं नाही. हूक वाकला, करकरला, पण तुटला नाही. सरळ उभं राहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात वॉर्डातल्या सगळ्या खाटा गप्प झाल्या. मग एक पाऊल, वळण, गुडघे वाकवून सावकाश खाली, आणि काकू खुर्चीत बसल्या.

फिजिओबाईंनी कागदावर सही केली. मुलाने खिशातला फॉर्म काढला, दोनदा घडी घातली आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला. त्याचे डोळे भरले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाई पदराने नाक पुसत होत्या. साहेब दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, धापा टाकत, काकूंपुढे उभे होते. गेले सहा आठवडे त्यांनी या क्षणासाठी एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं. सदतीस वर्षांत असं काही ते बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली, ओठ उघडले.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "जरा परत उचलता का? चष्म्यावर बसलेय मी."